डाव्या कानाचा रकाना

माझा डावा कान ऐकत नाही. एकविसाव्या वर्षी गालगुंडं झाली, दहा दिवस ताप राहिला, आणि ताप उतरला तेव्हा त्या बाजूचं सगळं बंद झालेलं होतं. ही गोष्ट मी आजवर आपण होऊन कुणाला सांगितलेली नाही. आईला नाही, बायकोला नाही, नोकरीआधी ज्या डॉक्टरांनी तपासलं त्यांनाही नाही. त्यांनी मागं उभं राहून हळू आवाजात आकडे म्हटले, मी मान जराशी वळवून उजव्या कानानं ते ऐकले आणि परत म्हणून दाखवले. तारघरात एका कानावर भागतं. यंत्र एकच असतं आणि समोर असतं. बाकीच्या वेळी भिंतीला डावी बाजू लावून बसायचं, रस्त्यानं जाताना सोबतच्या माणसाला उजवीकडं घ्यायचं, मोटारीत डावीकडची खिडकी धरायची. अशी वीस वर्षं गेली. कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

अणदूरच्या माळावर आम्ही तीन दिवस काढले त्याचं वर्णन लिहायला बसलो आहे. ते लिहायचं तर कानाचं आधी सांगणं भाग आहे.

सोलापूर

माधवराव सोलापुरात एका शाळेत विज्ञान शिकवायचे. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठे. हौशी बिनतारीचा परवाना त्यांच्या नावावर होता. घरात स्वतः जुळवलेला ट्रान्समीटर, कौलांवरून गेलेली तार, आणि टेबलावर लष्करी भंगारातून आणलेला रिसीव्हर. त्यावरून ते मोर्समध्ये जपान, रशिया, इंग्लंडच्या अनोळखी माणसांशी बोलायचे. मोर्स हा माझा पोटापाण्याचा धंदा, म्हणून आमची ओळख झाली आणि वाढली. परीक्षा देऊन मीही त्यांच्या स्टेशनवर बसायला लागलो.

ह्या हौशी लोकांच्या वर्षातून काही स्पर्धा होतात. एका दिवसात जास्तीत जास्त स्टेशनांशी बोलायचं. बोलायचं म्हणजे गप्पा नव्हेत. दोघांनी एकमेकांना एकेक नंबर द्यायचा, पहिल्याला एक, दुसऱ्याला दोन, असा चढत जाणारा. तो वहीत लिहायचा. मग सगळ्यांच्या वह्या संयोजकांकडं जातात आणि ते एकमेकांशी ताडून बघतात. मी दिलेला नंबर तुमच्या वहीत आणि तुमचा माझ्या वहीत असला, तरच ती नोंद धरतात.

माधवरावांनी ह्यात एक नवी युक्ती काढली होती. हेडफोनच्या दोन बाजू एकाच तारेवर असतात. त्या त्यांनी सोडवल्या आणि दोन रिसीव्हरांना वेगवेगळ्या जोडल्या. डाव्या कानात एक, उजव्या कानात दुसरा.

"डाव्या कानात आपलं दुकान," ते म्हणाले, "उजव्या कानात सगळा बाजार. आपण हाक द्यायची, गिऱ्हाईक आलं तर डावीकडं ऐकू येतं. तोवर उजव्या कानानं बाजारात हिंडून पुढचं माणूस हेरून ठेवायचं. गोविंदराव, देवानं दोन कान दिलेत ते काय एकच गोष्ट दोनदा ऐकायला?"

मी हसलो. त्याच वेळी सांगायला हवं होतं. सांगितलं नाही.

त्यांनी माझी चाचणी घेतली. मी डावीकडचा आवाज पूर्ण वाढवला. इतका, की त्या बाजूचं हाड थरथरायचं आणि डोक्यातून पलीकडच्या कानाला अगदी बारीक काहीतरी कळायचं. तेवढ्यावर मी पास झालो. माधवराव खूश झाले. ह्या पद्धतीवर त्यांना एक लेख लिहायचा होता. परदेशातल्या मासिकात तो यावा ही त्यांची इच्छा होती, आणि पुरावा म्हणून एका स्पर्धेची वही जोडायची होती. त्यासाठी त्यांनी वहीत दोन जादा रकाने आखले, कोणत्या कानानं ऐकलं त्याचे: एक 'डा', एक 'उ'.

अणदूर

सोलापुरात गिरण्या, विजेच्या मोटारी, तारा. रिसीव्हरमध्ये सतत खरखर. म्हणून वीज नसलेलं गाव हवं होतं. ज्या गावाचे लोक खांब कधी येतील म्हणून कचेरीत खेटे घालत होते, तेच आम्हाला हवं होतं. राज्याचं नाव महाराष्ट्र झालं त्याच्या पुढच्या माघातली ही गोष्ट.

सोलापुरातून हैदराबादच्या सडकेनं मोटार निघते, नळदुर्ग सोडलं की अणदूर. मी डावीकडची खिडकी धरली. टपावर दोन रिसीव्हर, ट्रान्समीटर, तारेची वेटोळी, बॅटऱ्या आणि पायानं फिरवायचा एक लष्करी डायनामो. कंडक्टरला तो शिवणाचं यंत्र वाटला. आम्ही तो समज तसाच राहू दिला.

उतरून घेतलं शिवाप्पांनी. माधवरावांच्या हाताखाली शिकलेल्या एका मुलाचे हे चुलते. पन्नाशीचे, चांगली जमीन बाळगून असलेले, बोलायला मोकळे. शाळा निजामाच्या अमलात झालेली, त्यामुळं हिशेब उर्दूत आणि शिव्या कानडीत.

"देव कालपरवाच आला नळदुर्गाहून," ते म्हणाले. "तुमी बी बरूबर येळेला आलाव."

खंडोबाची मूर्ती एक आणि देवळं दोन. वर्षातले दोन महिने देव नळदुर्गात, बाकीचे अणदुरात. ने-आण करताना दोन्ही गावच्या पुजाऱ्यांचा करार होतो, लिहून, वाचून. सोलापुरात देव एका जागी असतो आणि त्याबद्दल कुणी काही लिहून देत नाही. माधवरावांना ही पद्धत फार आवडली. "पाहिलंत, एक देव दोन ठिकाणं सांभाळतो," ते मला म्हणाले.

शिवाप्पा म्हणाले, "सांभाळतंय कुठं मास्तर. हितं असला की तिथं न्हाय, तिथं असला की हितं न्हाय. तेवढ्यासाठीच तर कागूद करावा लागतंय."

जेवायला जोंधळ्याची कडक भाकरी, शेंगांची चटणी, हुलग्याचं माडगं. आमच्याकडं भाकरी ताजी, ऊन खायची. इथं चार-चार दिवस टिकणारी, पापडासारखी. ती माडग्यात मोडून घालायची असते हे मला माहीत नव्हतं. मी कोरडीच चावत राहिलो. शिवाप्पांच्या मंडळी दाराआडून म्हणाल्या, "तारबाबूंचे दात सरकारी दिसतेत." सगळे हसले. त्या डावीकडून बोलल्या होत्या. लोक हसले म्हणून मीही हसलो; काय बोलल्या ते मागाहून माधवरावांनी सांगितलं.

माळ

सडकेपासून दीड मैल आत, उंचावर, शिवाप्पांचा माळ. खाली ज्वारी, वर नुसता खडक आणि चार बाभळी. दोन बाभळींना तार बांधली, ताडपत्रीखाली टेबल मांडलं. डायनामो फिरवायला शिवाप्पांनी गुलाबभाई दिले. चाळिशीचे, किडकिडीत. पूर्वी तंबूतल्या सिनेमाचं इंजिन चालवायचे, आता शिवाप्पांच्या विहिरीवरचं तेलाचं इंजिन बघायचे.

दुपारी पोलीस पाटील आले. त्यांनी तार पाहिली, पेट्या पाहिल्या.

"पोलीस ॲक्शनच्या आधी असलंच एक पेटाडं ह्या माळावर आल्तं," ते म्हणाले. "त्या वक्ताला आमाला कुणी इचारलं न्हाय. आता मी इचारतो."

माधवरावांनी स्टेशन बाहेर न्यायची लेखी परवानगी दाखवली. कागद इंग्रजीत. पाटलांनी तो उलटसुलट केला, मोहर बोटानं चाचपली आणि शिवाप्पांना विचारलं, "ह्ये बोलनार कुनाशी?"

"जपानशी."

"काय बोलनार?"

"नंबर सांगनार. त्यो ह्यांना त्याचा नंबर सांगनार. झालं."

"आन् मग?"

"मग दुसऱ्याला सांगनार."

पाटलांनी कागद माधवरावांना परत दिला. मग म्हणाले, "चालू द्या. ह्यात सरकारचं काय जात न्हाय." आणि हुरडा खाऊन गेले. माघातला हुरडा तसा निबर. पण राखेतून काढून दह्याच्या चटणीबरोबर खाल्ला की उतरतो.

स्पर्धा शनिवारी संध्याकाळी सुरू झाली ती रविवारी संध्याकाळपर्यंत. रात्र माधवरावांची, दिवस माझा, असं ठरलं होतं. सकाळी सातला मी माळावर गेलो तेव्हा त्यांचे डोळे लाल होते आणि चेहरा लग्नघरातल्यासारखा. वहीत दोन्ही रकाने भरत गेलेले. डा, उ, डा, डा, उ.

"चालते, गोविंदराव," ते म्हणाले. "पद्धत चालते. आणि मी साधा मास्तर. तुम्ही तर धंद्यातले. आता बघू." हेडफोन माझ्या डोक्यावर त्यांनी स्वतः घातला आणि ताडपत्रीच्या सावलीत घोंगडीवर आडवे झाले.

रविवार

पहिला तास निभावला. डावीकडचा आवाज पूर्ण चढवला होता, हाडातून थोडंफार येत होतं. चार-पाच स्टेशनं मी तशी घेतली, आणि ती खरी होती. मग बॅटऱ्या रात्रभराच्या ओढीनं बसायला लागल्या. दोन रिसीव्हर म्हणजे दुप्पट खर्च. आवाज उतरला. उजव्या कानाला फरक पडला नाही. डावीकडं मात्र काहीच उरलं नाही.

"गुलाबभाई, जरा जोरात," मी म्हणालो.

ते जोरात फिरवायला लागले. थोडा वेळ थोडं आलं, पुन्हा गेलं. मी पुन्हा म्हणालो, जोरात. तिसऱ्यांदा म्हणालो तेव्हा त्यांनी पाय थांबवून माझ्याकडं पाहिलं आणि पुन्हा फिरवायला लागले.

एक मार्ग होता. हेडफोन उलटा घालायचा, आपलं दुकान उजव्या कानात घ्यायचं आणि बाजार सोडून द्यायचा. नोंदी निम्म्या झाल्या असत्या, पण खऱ्या झाल्या असत्या. पण मग रकान्यात ते सरळ दिसलं असतं, आणि माधवराव विचारणार, एकाच कानानं का? गिऱ्हाईक आलं नाही असं सांगता येतं, बाजारच नव्हता असं नाही. म्हणून मी उजव्या कानानं बाजारातच हिंडत राहिलो. उ, उ, उ, उ.

नऊच्या सुमारास माधवराव उठले, तोंड धुऊन आले आणि माझ्या खांद्यावरून वहीत पाहू लागले.

"डावा रकाना रिकामा?"

"तिकडं कुणी येत नाही सध्या."

"असं कसं? रात्रभर येत होते." त्यांनी वही मागं चाळली, पुढं चाळली. मग तारेकडं पाहिलं. "त्या टोकाला काहीतरी झालंय." आणि पन्नाशीकडं झुकलेला तो माणूस धोतर खोचून बाभळीवर चढला. मी त्यांना अडवलं नाही. तारेला काही झालेलं नव्हतं. त्यांनी सगळ्या गाठी तपासल्या आणि उतरताना पोटरी काट्यांनी फाडून घेतली, चांगली वीतभर. गुलाबभाईंनी दगडीपाला चुरून लावला. माधवराव तिथंच बसून माझ्याकडं बघत होते. रक्ताकडं त्यांचं लक्षच नव्हतं. त्यांना एवढंच हवं होतं, की आता ऐकू येतंय म्हणून मी मान हलवावी.

त्या वेळी माझ्या उजव्या कानात एक जपानी स्टेशन दुसऱ्याच कुणाला तरी नंबर देत होतं. स्वच्छ, मोठ्यानं. मी मान हलवली आणि तो नंबर लिहिला. आम्हाला दिल्यासारखा. 'डा'च्या रकान्यात खूण केली.

तारघरातली आमची पहिली शिस्त अशी, की दुसऱ्याची तार कानावर पडली तरी हातानं ती लिहायची नाही. बाजूच्या टेबलावर मरणाची तार येत असते, लग्नाची येत असते, तुम्ही ती ऐकता आणि तुमचा हात थांबलेला राहतो. हे शिकायला वर्ष लागतं. वीस वर्षं मी ते पाळलं होतं.

"आलं का?" माधवरावांनी विचारलं.

"आलं," मी म्हणालो.

एकदा हात सुटल्यावर अवघड काही राहिलं नाही. उजव्या कानानं खरी स्टेशनं घ्यायची, त्यांची उ. मधेच कुणी कुणाला नंबर देताना सापडला की तो उचलायचा, डा. दर वेळी मी ट्रान्समीटरवर आमची हाकही देत होतो, म्हणजे पाहणाऱ्याला खरं वाटावं. आम्हाला डावीकडं खरोखर कितीजण उत्तर देत होते कोण जाणे. देत असणारच. त्या माणसांना उत्तर गेलं नाही.

दुपारी शिवाप्पा धपाटे आणि दही घेऊन आले. मी हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि हात धुवायला गेलो. माधवराव शिवाप्पांना पद्धत समजावत होते. गुलाबभाईंनी कुतूहलानं हेडफोन उचलला आणि कानांना लावला. बॅटऱ्या उतरलेल्या असल्या तरी डावीकडचं बटण शेवटपर्यंत फिरवलेलं होतं, आणि चालत्या कानाला तेवढा आवाजही फार होता. त्यांनी डावी बाजू झटकन कानावरून ओढली. मग एकदा बटणाकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं.

ते उठून माझ्या डाव्या बाजूला आले आणि काहीतरी बोलले. ओठ हलताना मला डोळ्याच्या कडेनं दिसले. मी धपाटा मोडत राहिलो. मग ते वळसा घालून उजवीकडं आले आणि शेजारी उकिडवे बसले.

"उधर से मैं बोल्या, तुमारा घर जल रा बोलके," ते हळू म्हणाले. "तुम खाना खातेच बैठे."

मी धपाटा खाली ठेवला.

"कबसे?"

"वीस वर्षं."

"मास्तरकू मालूम?"

मी मान हलवली, नाही म्हणून.

"मेरा ये कान बी ऐसाच हो गया," ते आपल्या उजव्या कानाला बोट लावून म्हणाले. "इंजिन के बाजू में रै रै के. मैं मालक कू बोल दिया. मालक बोला, कान से क्या करना, हात चलते ना? बस हो गया." मग थोडं थांबून, "बोल डालो ना उनकू. अब्बी बोले तो हसींगे. बाद में बोले तो नै हसींगे."

"आज नको," मी म्हणालो. "स्पर्धा संपू दे."

"तुमारी मर्जी. मैं नै बोलूंगा किसीकू." ते डायनामोवर जाऊन बसले. दुपारभर त्यांनी मला जे विचारलं ते उजवीकडं येऊन विचारलं, आणि माधवरावांना ते दिसलंही नाही.

संध्याकाळी मी हेडफोन काढला तेव्हा माझ्या पाळीतल्या डाव्या रकान्यात अठ्ठावीस नोंदी होत्या. पाच खऱ्या, तेवीस उचललेल्या.

परत

सोमवारी परतताना शिवाप्पांच्या मंडळींनी शेंगांच्या चटणीचा डबा बांधून दिला आणि कडक भाकरीची चवड दिली. गुलाबभाईंनी पेट्या टपावर चढवल्या, माधवरावांशी हात मिळवला, माझ्याशीही मिळवला. मोटारीत माधवराव नळदुर्गापर्यंत लेखाचं पहिलं वाक्य जुळवत होते. कागदावर नाही, तोंडानं, मला ऐकवत. पोटरी सुजली होती, पाय समोरच्या बाकावर टाकला होता. मी खिडकीतून बोरी नदीचं पात्र बघत होतो. गुलाबभाई म्हणाले त्यातलं 'अब्बी' संपून 'बाद में' सुरू झालं, हे मला त्या मोटारीत कळत होतं.

लेख तयार झाला, तीन वेळा पुन्हा लिहिला गेला, आणि मासिकाच्या उत्तराआधी संयोजकांचं पत्र आलं. माधवराव ते घेऊन माझ्या घरी आले. माझी उजवी बाजू मोकळी होती, तिथं बसले आणि मोठ्यानं वाचून दाखवलं. तेवीस नोंदींतले नंबर त्या-त्या स्टेशनांनी दुसऱ्यांना दिलेले होते. त्यांच्या वहीत आमचं स्टेशन नव्हतं. त्यामुळं आमची सगळी वही बाद. भाषा सभ्य होती, अर्थ सभ्य नव्हता. सहीचा माणूस माधवराव, म्हणून नाव त्यांचंच.

ते रागावतील असं मला वाटलं होतं. त्यांनी वही उघडली आणि पेन्सिलनं ते तेवीस नंबर एकामागून एक दाखवले.

"बघा, सगळे डावीकडचे. सगळे दिवसाचे. डाव्या कानातला माणूस आणि उजव्या कानातला नंबर एकमेकांत मिसळले. तुमचा काही दोष नाही, गोविंदराव. चूक पद्धतीची आहे. मला जमलं, कारण मी ती वर्षभर घोकली होती. पण वीस वर्षं तारेवर बसलेल्या माणसाच्या डोक्यात जर दोन कान एक होत असतील, तर ही पद्धत दुसऱ्या कुणाला देणं म्हणजे फसवणूक आहे."

बायकोनं चहा आणला. मी कप उचलला. बोलायला तोंड उघडलं, आणि म्हणालो, "साखर कमी आहे."

त्यांनी लेख परत मागवला. हौशी लोकांचं एक सायक्लोस्टाइल पत्रक निघायचं, त्यात स्वतःच्या नावानं टिपण दिलं: दोन कानांत दोन स्टेशनं ऐकण्याची पद्धत मी वापरून पाहिली, ती विश्वासार्ह नाही, कुणी वेळ घालवू नये. हेडफोनच्या दोन्ही बाजू पुन्हा एका तारेवर जोडल्या. दुसरा रिसीव्हर शाळेला दिला. दोन वर्षांनी उमरग्याला एका शाळेत मुख्याध्यापक म्हणून गेले, आजही तिथंच आहेत. अधूनमधून मोर्सवर भेटतात, एकाच रिसीव्हरवर. परवा विचारत होते, तुमची तब्येत कशी आहे, आवाज नीट येतो का.

पत्रकातलं ते टिपण वाचून आणखी कितीजणांनी ती गोष्ट सोडून दिली, मला माहीत नाही. पुण्याच्या एकानं मला सांगितलं, मीही तसं काही करणार होतो, पण माधवरावांचं वाचलं आणि राहू दिलं. त्यालाही मी काही बोललो नाही.

माधवरावांची पद्धत बरोबर होती. मिसळलं काहीच नव्हतं. डाव्या कानाला ऐकू येत नाही हे मी लपवलं, आणि ते लपवण्यासाठी तेवीस माणसांचे नंबर चोरले. इथं हे लिहून झालं, पण ज्यांना सांगायचं त्यांना सांगितलेलं नाही. हे छापून त्यांच्या हाती पडण्याआधी उमरग्याला जाऊन, त्यांच्या समोर बसून हे सांगायचं, आणि त्यांनी स्वतःविरुद्ध लिहिलेलं ते टिपण खोटं होतं असं माझ्या सहीनं त्याच पत्रकात द्यायचं, एवढं मी त्यांचं देणं लागतो.